बारा विद्यार्थी हवेत

गावाने जिल्ह्याला पाठवलेला अर्ज परत आला आणि त्याच्या डोक्यावर तांबड्या शाईत शेरा होता: ‘अर्जाचा हेतू समजून येत नाही.’

पासो हुंकाल या गावच्या क्लबात बिलियर्डच्या टेबलावर तो अर्ज पसरलेला होता आणि खेळणारे काठ्या टेकवून त्याभोवती उभे होते. हेबेर बिदेगाइन नेहमीप्रमाणे गरम पाण्याचा थर्मास बगलेत आणि माते नावाच्या कडू चहाचा तुंबा हातात घेऊन आत आले, वाकले, त्यांनी शेरा वाचला आणि त्यांचा संताप झाला. आता, बिदेगाइनसाहेबांची उभी नोकरी जिल्हा कार्यालयाच्या आवक विभागात गेलेली. असे तांबडे शेरे त्यांनी स्वतः आयुष्यभर मारलेले. त्यामुळे शेऱ्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. शेरा योग्यच होता, ते खुर्चीवर असते तर याहून कडक मारला असता. संताप होता तो अर्जावर. शिवाय त्यांची उजवीकडची खालची दाढ सकाळपासून ठणकत होती आणि अर्ज दातांच्या डॉक्टरबद्दलच होता, तेव्हा त्या संतापात अर्जाचा वाटा किती आणि दाढेचा किती हे सांगणं अवघड आहे.

हकीकत अशी की दर बुधवारी गावच्या दवाखान्यात दातांचा डॉक्टर यायचा. एप्रिलपासून तो यायचा बंद झाला. का, ते कोणी सांगितलं नाही. जिल्ह्याच्या गावी जाऊन दात दाखवावेत तर तिथे नंबर लागेपर्यंत दात आपण होऊनच पडतो. म्हणून गावाने अर्ज केला. तो लिहिला विल्मार ओद्रिओसोला यांनी. विल्मारचं औषधाचं दुकान, तेच क्लबाचे अध्यक्ष, आणि त्यांच्या मते गावात लेखणी हातात धरावी तर त्यांनीच.

बिदेगाइनसाहेबांनी अर्ज उभ्याउभ्या वाचून काढला. चार पानं होती. पहिल्या पानावर गाव कसं वसलं, पहिला नावाडी कोण, त्याची बायको कुठली, हे होतं. दुसऱ्या पानावर पूर. तिसऱ्या पानावर नदीवरचा सूर्यास्त आणि गावच्या फुटबॉल संघाने पूर्वी मिळवलेला एक कप. चौथ्या पानाच्या तळाशी, सगळ्या गावाच्या सह्या सुरू होण्याआधी, एक ओळ होती: ‘वरील सर्व बाबी ध्यानी घेता दातांकडेही पाहावे ही विनंती.’

“विल्मार,” साहेब म्हणाले, “कारकून पहिल्या दोन ओळी वाचतो आणि मग सही बघतो. मधलं कोणी वाचत नाही. मी वाचलेलं नाही कधी.”

“म्हणून तर देशाचं हे असं झालं,” विल्मार म्हणाले.

साहेबांनी अर्ज आपण लिहून देतो असं सांगून पाहिलं. त्यावर विल्मारचा चेहरा पडला, आणि बाकीचेही म्हणाले की अध्यक्ष असताना दुसऱ्याने लिहिणं बरं दिसत नाही, माणसाचं मन असतं. म्हणजे गावाचे दात पडले तरी चालतील, अध्यक्षांचं मन पडता कामा नये. साहेब घरी आले ते याच आवेशात, आणि सुल्माला, म्हणजे आपल्या बायकोला, त्यांनी जाहीर केलं की या गावाला अर्ज लिहायला शिकवल्याशिवाय आपण स्वस्थ बसणार नाही. सुल्मा खुर्चीवर चढून दिव्याचा होल्डर बदलत होती. ती म्हणाली की तू गुपचूप एक अर्ज लिही, पोस्टात टाक आणि मोकळा हो. पण हे साहेबांना पटणं शक्य नव्हतं. प्रश्न तत्त्वाचा होता. तत्त्वाचा प्रश्न आला की हा माणूस कधी मोकळा झाल्याचं सुल्माच्या आठवणीत नव्हतं, म्हणून तिने विषय सोडला आणि होल्डर बसवला.

शिकवायचं तर जागाही होती. गावच्या रेल्वे स्टेशनात गाडी येऊन जमाना झाला होता. त्या स्टेशनात आता ‘नदीकाठचा प्रादेशिक शिक्षण समुदाय’ नावाचं केंद्र उघडलं होतं. नदीकाठच्या पाच गावांतल्या मोठ्या माणसांनी एकमेकांकडून शिकावं अशी ती योजना होती. तिकीटखिडकीच्या वर ‘ज्याला येतं त्याने शिकवावं’ असा फलक होता आणि खिडकीच्या मागे रोमिना काब्रेरा नावाची तरुण बाई बसायची. रोमिना इतकी उत्साही होती की तिच्याशी पाच मिनिटं बोललं तरी माणसाला आपण आयुष्य फुकट घालवलं असं वाटे.

साहेबांनी सांगितलं, अर्जलेखन शिकवायचंय. रोमिनाने दोन्ही हात जोडून छातीशी धरले. अशाच माणसाची आम्ही वाट बघत होतो, म्हणाली. मग तिने सांगितलं की ‘अर्जलेखन’ हे नाव जरा कोरडं वाटतं, आपण ‘लेखी संवादातून सक्षमीकरण’ म्हणूया. साहेबांनी विचारलं, त्याचा अर्थ काय. ती म्हणाली, अर्जलेखन. मग तिने सांगितलं की शिकवण्याआधी शिकवायचं कसं ते शिकावं लागेल, त्यासाठी जिल्ह्याच्या गावी शनिवार-रविवारचं शिबिर असतं.

त्या शिबिराबद्दल साहेब पुढे कधी मोकळेपणी बोलले नाहीत. एवढं बाहेर आलं की तिथे सगळ्यांना गोल करून जमिनीवर बसवलं होतं, लोकरीचा एक गुंडा एकमेकांकडे फेकायचा होता, आणि ज्याच्या हातात गुंडा येईल त्याने आपण कोणतं झाड आहोत ते सांगायचं होतं. पेन्शनीत निघालेला, आवक विभागाचा माजी मुख्य कारकून, मांडी घालून बसला आणि त्याने सांगितलं की आपण झाड नाही. तर शिबिर घेणारी बाई म्हणाली की हेसुद्धा फार सुंदर उत्तर आहे. साहेबांच्या मते त्यांचा इतका अपमान नोकरीत कधी झाला नव्हता, आणि नोकरीत त्यांनी सात वरिष्ठ पाहिले होते.

परत आल्यावर रोमिनाने प्रमाणपत्र हातात दिलं आणि जाता जाता सांगितलं की वर्ग सुरू करायला निदान बारा विद्यार्थी हवेत.

साहेबांना वाटलं, बारा म्हणजे काय मोठंसं. आख्ख्या गावाने त्या अर्जावर सह्या केल्या होत्या. पण सही करणं वेगळं आणि शिकायला येणं वेगळं. स्टेशनच्या भिंतीवर त्यांनी कागद लावला, आणि आठवडाभरात त्यावर एकच नाव पडलं, तेही त्यांनी स्वतः नमुना म्हणून लिहिलेलं. ज्याला विचारावं तो म्हणे की कल्पना छान आहे, पण दुसऱ्यांना जास्त गरज आहे. प्रत्येकाला आपण सोडून गावातला कोण कोण निरक्षर आहे हे तोंडपाठ होतं.

तोडगा काढला ओफेलियाबाईंनी. या शेजारीण. नवरा वारल्यापासून त्यांनी परसात मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या आणि त्या माश्या कुंपण मानत नसत. बाई कुंपणावरून म्हणाल्या, “मीही मधमाशीपालनाचा वर्ग लावलाय, साहेब. मलाही तीन नावं कमी पडतायत. तुम्ही माझ्याकडे या, मी तुमच्याकडे येते. फिटंफाट.”

साहेबांना माश्या आवडत नसत. पण एक विद्यार्थी तो एक विद्यार्थी. त्यांनी नाव दिलं, आणि इथेच त्यांचा घात झाला. कारण ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. संध्याकाळी खाटीक वॉशिंग्टन रस्त्यातच भेटला. या वॉशिंग्टनने तरुणपणी मॉन्टेव्हिडिओत टँगो नाचून बक्षिसं मिळवली होती, असं तो स्वतः सांगत असे. तो म्हणाला, साहेब, मी तुमच्या वर्गाला येईन, तुम्ही माझ्या नाचाला या. साहेब म्हणाले, मला नाचता येत नाही. वॉशिंग्टन म्हणाला की मलाही लिहिता येत नाही, म्हणून तर जमतंय.

मग रांगच लागली. कुत्र्यांचे केस कापायला शिकवणारी एक होती. जुन्या खुर्च्या विणणारा एक होता. श्वास कसा घ्यावा हे शिकवणाऱ्या एक बाई होत्या, आणि साहेबांनी त्यांना आपण इतकी वर्षं तो घेतच आलो आहोत असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, चुकीचा. विल्मार ओद्रिओसोला तर स्वतः घरी चालून आले. औषधं पुड्यांत बांधण्यात हयात गेलेला हा माणूस केकवर साखरेची फुलं काढण्याचा वर्ग घेत होता, आणि अध्यक्ष असूनही त्यांना दोन नावं कमी पडत होती. दोघेही दारात उभे राहून बराच वेळ हवेबद्दल बोलले. शेवटी विल्मार म्हणाले की माझ्याकडे येणार असशील तर मी तुझ्याकडे येईन, मात्र मला शिकायचं काही नाही, हे आधी सांगून ठेवतो. साहेब म्हणाले की माझंही तसंच समज.

अकरा झाले. बारावं नाव म्हणून साहेबांनी सुल्माला धरलं. बायको कुठे जाते, असा त्यांचा हिशेब. सुल्मा म्हणाली, येईन की, पण माझा घरगुती वीजदुरुस्तीचा वर्ग आहे, त्याला तू येणार असशील तर.

“तुझा वर्ग? कधीपासून?”

“तू झाड नव्हतास तेव्हापासून,” ती म्हणाली.

आता खरं तर इथे थांबून हिशेब करायला हवा होता. एका वर्गाला बारा विद्यार्थी मिळवायचे म्हणून साहेब नऊ वर्गांचे विद्यार्थी झाले होते, दोघातिघांनी मोठ्या मनाने मोबदला मागितला नाही म्हणून नऊच. पण हेच गावातल्या प्रत्येक शिकवणाऱ्याने केलं होतं. ऑगस्ट संपता संपता पासो हुंकालमध्ये असा माणूस उरला नाही जो कोणाला तरी काहीतरी शिकवत नव्हता आणि त्याची भरपाई म्हणून सात-आठ ठिकाणी शिकत नव्हता. खाटिकाच्या दुकानावर ‘वर्गात आहे’ अशी पाटी लटकायची. ती बघून माणूस बेकरीत जावा तर बेकरीवाली खुर्च्या विणायला गेलेली. औषध हवं असेल तर केकच्या वर्गात जाऊन विल्मारना बोलवावं लागे, आणि ते साखरेने भरलेल्या बोटांनी गोळ्या मोजून देत. रोमिना मात्र रोज अधिकाधिक तेजस्वी दिसू लागली. ती दर शुक्रवारी जिल्ह्याला आकडे पाठवायची.

साहेबांचा दिवस सकाळी श्वासाने सुरू व्हायचा. मग कुत्री. दुपारची झोप, जी या गावात कोणी पाद्रीसुद्धा मोडत नाही, ती तारा सोलण्यात जायची. सुल्मा शिक्षिका म्हणून कडक होती. घरातला फ्यूज कुठे असतो हा प्रश्न तिने नेमका त्यांनाच सगळ्यांसमोर विचारला, आणि लग्नानंतर इतक्या वर्षांनी साहेबांनी चुकीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. वर्ग हसला. घरी आल्यावर त्यांनी याचा जाब विचारला, तर ती म्हणाली की वर्गातलं घरी आणायचं नाही, शिबिरात सांगितलंय.

ओफेलियाबाईंच्या वर्गात त्यांना तिसऱ्याच तासाला माशी चावली. कुठे, तर उजव्या गालावर, बरोबर दाढेच्या जागी. त्यामुळे बाहेरून सूज आणि आतून ठणका, अशा दोन्हींच्या मध्ये साहेबांचा गाल सापडला. औषध मागायला गेले तर विल्मार म्हणाले, सूज माशीची आहे. ओफेलियाबाई म्हणाल्या, आमच्या माशीची एवढी सूज येत नाही, ही दाढेची आहे. यावर दोघांचा वाद झाला आणि साहेबांना कोणीच काही दिलं नाही. त्याच संध्याकाळी टँगोचा तास होता. वॉशिंग्टनने त्यांना ओफेलियाबाईंच्याच जोडीला लावलं आणि गालाला गाल टेकवायला सांगितलं. साहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याबद्दल वॉशिंग्टन वर्गाला म्हणाला, बघा, याला म्हणतात भावना.

या सगळ्यात एक गोष्ट साहेबांनी कोणालाच सांगितली नाही. त्यांना केकवरचा गुलाब जमू लागला होता. जन्मभर शिक्के मारलेला हात, तो हलत नसे. पिशवी दाबायची, मनगट वळवायचं, पाकळी सोडायची. विल्मार मागून येऊन बघायचे, ‘हं’ म्हणायचे आणि पुढे जायचे. त्या ‘हं’वर साहेब घरी येईपर्यंत विचार करत. ते हे का करत होते, तर अर्थातच अर्जलेखनासाठी. असं ते स्वतःला बजावायचे आणि आरशासमोर उभं राहून रिकाम्या हाताने मनगट वळवून पाहायचे.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्या वर्गाचं काय झालं? पहिल्या तासाला तिघं आले. उरलेल्यांना त्याच वेळी दुसरीकडे शिकायचं होतं, काहींना शिकवायचं होतं. आलेल्यांपैकी वॉशिंग्टन पहाटे बैल कापून आला होता, तो लगेच झोपला. सुल्मा खोलीतला दिवा मिचमिचतो म्हणून तो बघायला टेबलावर चढली. राहिले विल्मार. साहेबांनी फळ्यावर लिहिलं, ‘आधी मागणी, मग कारण, मग सही.’ विल्मारनी हात वर केला आणि विचारलं की यात गावाचा इतिहास कुठे घालायचा. साहेब म्हणाले, घालायचाच नाही. विल्मार म्हणाले की मग गाव कोणतं आहे हे त्यांना कळणार कसं. तास संपेपर्यंत वाद चालला. दुसऱ्या तासाला ओफेलियाबाईंच्या माश्यांचं मोहोळ उठून स्टेशनच्या घड्याळात जाऊन बसलं आणि वर्ग रद्द झाला. तिसऱ्या तासाला कोणीच आलं नाही. साहेब रिकाम्या बाकांसमोर पूर्ण वेळ उभे राहिले, कारण हजेरीपत्रकावर शिक्षकाचीही सही लागते आणि खोटी सही त्यांनी कधी केलेली नव्हती.

त्या रिकाम्या तासात त्यांनी शेवटी सुल्माने सांगितलेलं केलं. अर्ज स्वतःच लिहिला. पाच ओळींचा. आधी मागणी, मग कारण, मग सही. इतका नेटका अर्ज आवक विभागात आपण कधी पाहिला नव्हता, असं त्यांचं स्वतःचं मत पडलं. कोणाला न सांगता त्यांनी तो पोस्टात टाकला आणि त्या दिवशी दाढसुद्धा जरा कमी दुखली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. गावाच्या आधीच्या अर्जावरचा पत्ता म्हणून पाकीट क्लबाच्या पत्त्यावर आलं, म्हणजे विल्मारच्या हातात पडलं, आणि त्यांनी ते चष्मा लावून सगळ्यांसमोर वाचलं. ‘अर्ज फारच त्रोटक आहे. गावाची सविस्तर पार्श्वभूमी जोडून पुन्हा सादर करावा.’

 विल्मारनी कागदाची घडी घातली, चष्मा काढला, पुसला आणि साहेबांना विचारलं, “माझी चार पानं आहेत अजून माझ्याकडे. देऊ का तुला?”

साहेब तिथून तडक घरी आले आणि दोन दिवस श्वासाच्या वर्गालाही गेले नाहीत. त्यांचं दुःख सुल्माला कळत होतं. तिने त्यांना मऊ भोपळ्याचं सूप करून दिलं, तेही डाव्या बाजूनेच प्यावं लागत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ज्या खुर्चीवर आपण बसलो त्या खुर्चीवर आता कोण बसतं. सुल्मा म्हणाली, कोणीतरी पेन्शनीची वाट बघणारा, तुझ्यासारखाच. हे सांत्वन होतं की आणखी काही, याचा साहेबांना उलगडा झाला नाही.

डिसेंबर लागला, म्हणजे तिकडचा उन्हाळा, उकाडा सुरू झाला, आणि एका सकाळी रोमिना सायकल टाकून धावतच साहेबांच्या दारात आली. दातांचे डॉक्टर परत येणार होते. बुधवारीच नाही, सोमवारीसुद्धा. केंद्राच्या वर्षअखेरच्या समारंभाला जिल्ह्याचे शिक्षणप्रमुख येणार होते आणि डॉक्टर पिरिस त्यांच्याच गाडीतून येऊन समारंभ झाला की कामाला बसणार होते. साहेबांना वाटलं, अर्ज. त्यांनी छाती फुगवून विचारलं की अर्जाचा निकाल लागला का. रोमिना म्हणाली, कुठला अर्ज? मग तिने उत्साहाने समजावलं. डॉक्टर कुठे पाठवायचा हे आरोग्य खातं माणसं मोजून ठरवतं. पासो हुंकालमध्ये माणसं कमी म्हणून एप्रिलमध्ये डॉक्टर काढला. पण यंदा शिक्षण समुदायाच्या अहवालात त्यांनी वाचलं की इथे दोन हजारांवर लोक शिकतात. एवढ्या लोकांना डॉक्टर नाही म्हणजे काय, म्हणून त्यांनी आपण होऊन पाठवला.

साहेब दाराची चौकट धरून उभे राहिले. पासो हुंकालात, नदीत पोहणारे धरले तरी, चारशे डोकी नाहीत. त्यांनी हळूच विचारलं की मी एकटा त्यात किती आहे.

“नऊ,” रोमिना म्हणाली. “शिवाय एक शिकवणारे. दहा.”

“पण मी एक आहे.”

“साहेब, आम्ही शिकणारे मोजतो. ते पुढे कुठे कोणी माणसं म्हणून छापलं, त्याला मी काय करू?” आणि ती दुसऱ्या घरी बातमी द्यायला निघून गेली.

दोन दिवस साहेब स्वतःशी भांडत होते. सरकारी कागदावर खोटा आकडा. आवक विभागात असा कागद आला असता तर त्यांनी तो दोन बोटांनी धरून वर पाठवला असता. आणि हा तर खुद्द त्यांच्या अंगावरून जमवलेला आकडा, त्यांना दहा जणांत वाटून. त्यांनी ठरवलं की समारंभात उभं राहायचं आणि शिक्षणप्रमुखांच्या तोंडावर सांगायचं. भाषणही तयार केलं, पाच ओळींचं. सुल्माने ते ऐकून घेतलं.

“सांग,” ती म्हणाली. “पण दात काढून झाल्यावर सांग.”

साहेब म्हणाले की सत्याला असं थांबवून ठेवता येत नाही. ती म्हणाली की समोरच्या वॉशिंग्टनला आठवडाभर मांस चावता आलेलं नाही, तो खाटीक आहे, आणि ओफेलियाबाई रात्रभर लवंग धरून बसतात, त्यांच्या खिडकीत दिवा दिसतो.  तरी भाषणाचा कागद साहेबांनी कोटाच्या खिशातून काढला नाही.

समारंभ स्टेशनच्या फलाटावर झाला. एका टेबलावर केक मांडले होते आणि साखरेच्या गुलाबांना उकाड्याने घाम फुटला होता. शिक्षणप्रमुख म्हणजे एक भले जाडजूड गृहस्थ, त्यांच्या शेजारी डॉक्टर पिरिस आपली पेटी मांडीवर घेऊन बसले होते. गावातला प्रत्येकजण त्या पेटीकडे बघत होता. बक्षिसं वाटली गेली. साहेबांचंही नाव पुकारलं गेलं, ते जाऊन हात मिळवून, कागद घेऊन आले, पण तो कसला आहे हेही त्यांनी पाहिलं नाही, कारण मनात भाषण चाललं होतं. मग रोमिना उठली आणि तिने अहवाल वाचला. दोन हजार एकशे चाळीस. टाळ्या झाल्या. जितके हात होते त्या मानाने फार मोठ्या झाल्या.

बिदेगाइनसाहेब उभे राहिले.

“मला एका आकड्याबद्दल हरकत घ्यायची आहे,” ते म्हणाले.

 रोमिनाने कागद छातीशी धरला. तिचा रंग उडाला होता, आणि ती किती लहान आहे हे साहेबांना पहिल्यांदा दिसलं. वॉशिंग्टनचा हात आपोआप जबड्याला गेला. ओफेलियाबाईंनी मान खाली घातली. विल्मार, ज्यांना बोलायला कधी निमित्त लागत नसे, ते तोंड उघडं टाकून साहेबांकडे बघत होते, आणि त्यांच्याही तोंडात मागे एक काळा दात होता, जो त्यांनी गावापासून लपवला होता. औषधवाल्याचाच दात किडलेला, कोणाला सांगणार. डॉक्टर पिरिसांनी पेटीचा कडी-कोयंडा उगाच एकदा उघडून लावला.

“कोणता आकडा?” शिक्षणप्रमुखांनी विचारलं.

साहेबांनी खिशात हात घातला. पाच ओळी बोटांना लागत होत्या. दुसऱ्या हातात बक्षिसाचा कागद होता, काहीतरी बघायला हवं म्हणून त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि तो त्यांनी आत्ता पहिल्यांदा वाचला. केकसजावट. द्वितीय.

“दोन,” साहेब म्हणाले. “दोन हा आकडा. मला दुसरा नंबर का?”

क्षणभर कोणालाच काही समजलं नाही. मग फलाटभर एक मोठा श्वास सुटला, आणि तो श्वासाच्या वर्गातल्या बाईंनी शिकवला होता तसाच, पोटातून. साहेबांना वाटलं होतं की हे आपण सुटका म्हणून बोललो. पण तोंडातून शब्द गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. दुसरा नंबर? त्यांनी विचारलं की पहिला कोण. पहिला वॉशिंग्टन होता. साहेबांचा आवाज चढला. वॉशिंग्टनचा गुलाब हा गुलाबच नाही, ती किसलेल्या मांसाची मूठ आहे, हे त्यांनी शिक्षणप्रमुखांना तपशीलवार सांगितलं. वॉशिंग्टन उठून म्हणाला की साहेबांचा गुलाब बरोबर असेल, पण त्यात भावना नाही. विल्मार परीक्षक म्हणून उभे राहिले आणि म्हणाले की पाकळ्या सारख्या आहेत हे मान्य, पण फार सारख्या आहेत, शिक्का मारल्यासारख्या.

“शिक्का मारल्यासारख्या?” साहेब म्हणाले. “दोन्ही केक इथे आणा. इथे, प्रमुखसाहेबांच्या समोर.”

केक आणायला माणूस गेला आणि रिकामी ताटं घेऊन आला. भाषणं चालू असताना लोकांनी दोन्ही केक संपवले होते. पुरावा राहिला नव्हता. शिक्षणप्रमुख मात्र भारावून गेले. साठी उलटलेला माणूस एका साखरेच्या फुलासाठी एवढा भांडतो, असं शिक्षण आपण जिल्ह्यात कुठे पाहिलं नाही, असं ते रोमिनाला म्हणाले आणि वहीत काही लिहून घेऊन गाडीकडे गेले.

डॉक्टर पिरिसांनी त्याच दुपारी दवाखाना उघडला. रांगेत पहिले विल्मार होते, कारण ते सगळ्यांत आधी पोचले होते, आणि बाहेर येताना त्यांनी तोंडावर रुमाल धरून साहेबांच्या खांद्यावर एकदा हात ठेवला. बोलता येत नव्हतं, म्हणून ठेवला असेल. साहेबांची दाढ निघाली. ती कागदात गुंडाळून डॉक्टरांनी त्यांना दिली आणि दोन तास काही खाऊ नका म्हणाले.

घरी जाताना सुल्मा त्यांच्या बरोबरीने चालत होती. साहेबांचा गाल आता बधिर होता आणि शब्द एका बाजूने सांडत होते, तरी ते बोलतच होते. उद्या सकाळी आपण विल्मारकडे जाणार, फेरतपासणी मागणार, हे असं चालू द्यायचं नाही.

“निघाली ना आता,” सुल्मा म्हणाली. “कशाची फेरतपासणी?”

“दाढेचं कोण बोलतंय?” साहेब म्हणाले. “गुलाबाचं म्हणतोय मी.”